कोल्हापुरात महिनाभर घरून काम: भाडं, वीज आणि पुराची रेघ

पुण्यात बाणेरच्या वन बीएचकेचं भाडं २२,००० झालं, तेव्हा मी कोल्हापूरला महिनाभर राहून बघायचं ठरवलं. ऑफिस घरूनच आहे, मग घर कुठं असावं हे आपण का ठरवू नये?

स्वारगेटहून एसटीने गेले. सातारा ते कागल रस्तारुंदीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते आहेत, साडेसहा तास लागले. पोचल्या दिवशी मीटिंग ठेवू नका.

पहिलं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ बघितलं. तळमजला, स्वच्छ, भाडं ७,०००. हरखून गेले होते. तेवढ्यात घरमालकीण काकूंनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "२०१९ ला पाणी हितवर आलतं." हात माझ्या खांद्याच्या वर होता. रंगाखाली ओलीची फिकट रेघ अजून दिसत होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं. काकूंनी आपणहून सांगितलं याचं मला फार अप्रूप वाटलं, सगळे सांगत नाहीत. म्हणून घर बघताना शेजारच्या दुकानात हा प्रश्न आधी विचारा. पावसाळ्यात इथं सगळ्यांची नजर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर असते, नदीची पातळी तिथंच मोजतात. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, म्हणजे घर कोरडं असलं तरी गावाबाहेर पडता येत नव्हतं.

शेवटी राजारामपुरीत, चढावरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. ९,५०० भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट. एका महिन्यासाठी कुणी तयार होत नाही, सगळ्यांना अकरा महिन्यांचा करार हवा असतो. ओळखीतून विचारलं तरच जमतं. दोन वेळच्या मेसचे ३,२०० झाले. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा तांबडा-पांढरा. सुरुवातीला तांबडा रस्सा जपूनच घ्या. आणि संध्याकाळी गंगावेशीत जाऊन समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्याच. म्हैस कट्ट्यावर उभी, आपण पेला धरून उभे, फेस वरपर्यंत.

कामाचं सांगायचं तर दुसऱ्याच आठवड्यात क्लायंटशी बोलताना वीज गेली. इन्व्हर्टर होता, राउटर चालू होता, तरी नेट बंद! नेटवाल्यांचा लाइनमन आला तेव्हा कळलं, चौकातल्या त्यांच्या बॉक्सलाच बॅकअप नाही. तेव्हापासून कनेक्शन घेताना मी स्पीडच्या आधी हेच विचारते. शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच, आणि त्याची रेंज ज्या खोलीत टेबल ठेवणार तिथंच तपासा. माझ्या खोलीत एका कोपऱ्यात दोन दांड्या, खिडकीशी चार.

महिन्याचा खर्च, भाडं-मेस-वीज-नेट-रिक्षा धरून, १७,००० च्या आत बसला. पुण्यात एवढ्यात नुसतं भाडंही निघत नाही. पण ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, म्हणजे हायकोर्टाची कामं आता इथंही चालतात. बाहेरगावचे वकील खोल्या शोधताहेत, भाडी वाढणार असं दोन एजंटांनी सांगितलं. ते एजंटच, त्यामुळं अर्धं सोडून द्या. तरी राहायचं नक्की असेल तर करारात पुढच्या वर्षीची वाढ किती टक्के हे आधीच लिहून घ्या. मी तेच केलंय. सामानाचा टेम्पो पुढच्या शनिवारी निघतोय.