ज्यूएलच्या जंगलात एल्क आणि जवळच्या अंतरासाठी निवडलेली रायफल

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या कोस्ट रेंज डोंगरांमध्ये एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, दिसला तर चाळीस-पन्नास पावलांवर दिसतो, नाहीतर दिसतच नाही. आमच्या शेजारचे आजोबा जन्मभर इथल्या लाकूडतोडीच्या कामात होते, त्यांनी हे मला सांगितलं आणि त्यांच्यासोबतच मी नोव्हेंबरात टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) काढून ज्यूएल गावाकडे गेले. पण त्या प्रवासाची तयारी उन्हाळ्यातच सुरू झालेली, कारण रायफल कुठली घ्यायची यावर आमचं बोलणं काही संपत नव्हतं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, त्यामुळे घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई बराच वेळ गप्पच झाली. मग तिला सांगितलं की इथे सीझन, टॅग, कुठल्या भागात कुठला नर मारायचा हे सगळं राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि मांस वाया घालवणं गुन्हा आहे. तेव्हा कुठे ती म्हणाली, मग नीट मार, तडफडवू नकोस. तेच डोक्यात ठेवून मी सगळी निवड केली.

इथला एल्क म्हणजे रूझवेल्ट एल्क, १८९७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. मोठा नर ७०० ते १,१०० पौंड, म्हणजे सव्वातीनशे ते पाचशे किलो. हाडं जाड, कातडी जाड, आणि चुकीच्या जागी गोळी लागली तर तो या झाडीत जाऊन कायमचा हरवतो.

दुकानात गेलं की जवळच्या शिकारीसाठी लोक पहिल्यांदा मार्लिन १८९५ ही रायफल हातात देतात, फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी नावाच्या काडतुसाची. काडतूस १८७३ चं, अमेरिकन सैन्याचं, गोळी ३०० ते ४०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, १५ ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम), जाड आणि संथ. आजोबांकडे हीच आहे आणि त्यांच्या हातात ती शोभते, पुढचं काडतूस भरायला चापाजवळची लिव्हर ओढताना रायफल खांद्यावरून खाली येत नाही, दुसरी गोळी लगेच तयार. ह्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात, त्यामुळे गोळीचं टोक चपटं लागतं, टोकदार धातूची गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारा प्रायमर असतो त्यावर आपटली तर तिथेच स्फोट होऊ शकतो. हॉर्नाडी कंपनीने मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी काढली ती याचसाठी.

पण मी ती घेतली नाही. एकतर जोरदार काडतुसं घातली की धक्का फार बसतो आणि मग माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, दुसरं म्हणजे ह्या जंगलात मध्येच झाडं कापून मोकळे केलेले उतार येतात, तिथे एल्क २०० यार्डांवर उभा असू शकतो आणि एवढ्या अंतरावर ही जाड गोळी चांगलीच खाली पडते. आणि जाड गोळी झुडपं फोडून सरळ जाते असं जे सगळे सांगतात ते खोटं आहे, कुठलीच गोळी फांदीला लागून खात्रीने सरळ जात नाही. मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं, बस.

मी घेतली थ्री-ओ-एट विंचेस्टर काडतुसाची साधी बोल्ट रायफल (दर गोळीनंतर हाताने खिटी मागे-पुढे करून भरायची), नळी २० इंची. आजोबा म्हणाले, "आधी डोळे मिटून खांद्याला लाव, डोळे उघडल्यावर स्कोपमध्ये (नेमाच्या दुर्बिणीत) पूर्ण गोल दिसला तर ती तुझी." किंमत वगैरे नंतर. स्कोप दीड ते पाच पटीचा आणि कायम दीडवर ठेवलेला, कारण जवळ नऊ पट लावलं तर नुसती तपकिरी कातडी दिसते, खांदा कुठला आणि पोट कुठलं कळत नाही. स्कोप ल्युपोल्डचा, ही कंपनी आमच्या बीव्हरटनचीच. स्कोपच्या आत वाफ धरल्याने मार्कस ल्युपोल्ड यांचं हरीण हुकलं आणि त्यातून कंपनीने १९४७ मध्ये स्वतःचा स्कोप काढला असं सांगतात, आणि इथल्या पावसात उभं राहिलं की ते अगदी पटतं.

सगळ्यात जास्त विचार केला तो गोळीचा. जवळून मारताना गोळीचा वेग फारसा कमी झालेला नसतो, सेकंदाला साधारण अडीच हजार फुटांनी ती खांद्याच्या हाडावर आदळते, आणि साधी मऊ गोळी तिथेच फुटून तिचे तुकडे होऊ शकतात, मग ती फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. म्हणून नॉसलर कंपनीची पार्टिशन नावाची गोळी, १८० ग्रेन. जॉन नॉसलर यांची गोळी १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसवर (एल्कहून मोठं हरीण) अशीच फुटली होती, त्यावरून त्यांनी मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची भिंत असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा भाग आत जात राहतो. कंपनी बेंड गावची, म्हणजे तीपण ओरेगॉनचीच. (नियमाने एल्कला .२४ इंचापेक्षा बारीक गोळीची रायफल चालत नाही आणि पूर्ण धातूच्या आवरणाची, न फुलणारी गोळीही नाही.)

तर हायवे २६ ने निघालो, डावीकडे टिलामूकचं जंगल, १९३३ ते १९५१ मध्ये दर सहा वर्षांनी जळालेलं आणि नंतर शाळेच्या पोरांनीसुद्धा रोपं लावून उभं केलेलं. हायवे १०३ वरून ज्यूएल, पुढे २०२ वर ज्यूएल मेडोज हे राखीव कुरण, तिथे शिकार बंद, एल्कचा कळप कुरणात निवांत चरत होता आणि लोक गाडीतून फोटो काढत होते. आम्ही तिथून लांब एका लॉगिंग रोडवर गाडी लावली आणि पहाटे आत शिरलो. डग्लस फरची झाडं, खाली कमरेएवढं नेचं, सगळं चिंब.

एल्कचा आधी वास आला, गोठ्यासारखा. मग ओढ्याकाठच्या अल्डरच्या झाडांमागे शिंगं हलली. साधारण पन्नास यार्ड. आजोबांनी नुसता हात खाली केला, थांब. त्याचा पुढचा पाय पुढे पडला, खांद्यामागची जागा मोकळी झाली आणि मी चाप ओढला, लगेच बोल्ट मारून दुसरं काडतूस भरलं, पण तो चाळीसेक पावलं गेला आणि खाली बसला तो उठलाच नाही. मी जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, खूप वेळ काही बोलता आलं नाही.

नंतर टॅग भरणं, सोलणं, मांडीचे आणि खांद्याचे भाग कापडी पिशव्यांत घालून पाठीवरून गाडीपर्यंत, ह्यात संध्याकाळ झाली. गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली, फुललेली, घरी वजन केलं तर ११९ ग्रेन उरलेलं, म्हणजे दोन तृतीयांश. बाकीचं शिसं जखमेच्या आसपास गेलं, तेवढं मांस आम्ही कापून टाकलं. पण आतडी वगैरे जंगलातच राहतं आणि ते गरुड, डोमकावळे खातात, त्यांच्या पोटात शिसं जाणं मला चालणार नाही, म्हणून पुढच्या सीझनला बार्न्स कंपनीची पूर्ण तांब्याची १६८ ग्रेनची गोळी घेणार आहे. ती ह्या नळीतून नीट जाते का ते उन्हाळ्यात नेमबाजीच्या रेंजवर बघायचंय, ५० यार्ड, उभ्याने.