वहीतले 'खो'

चिठ्ठीत वरच्याच ओळीला लिहिलं होतं: वय ५६, तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल, दुसऱ्याला चिमटा (फोर्सेप्स). खाली तक्रार: खोकताना, शिंकताना लघवी सुटते. एवढं वाचलं की आमच्यातल्या बहुतेकांचं निदान तिथंच होऊन जातं. माझंही झालं. टेपच्या ऑपरेशनचं, म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी घालण्याचं, बोलणं झालेलं होतं. तोवर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम करून घ्या म्हणून फिजिओथेरपीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवलं होतं.

मावशी करवीर तालुक्यातल्या. सोबत नववीतली नात. गोठा, दूध डेअरीला घालणं, आणि उसाच्या हंगामात रोज वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या वैरणीचा, भारा. पाळी जाऊन सहा वर्षं. वजन ७१ किलो, उंची १५० सेंटीमीटर. बाळंतपणं, चिमटा, पाळी जाणं, वजन, डोक्यावरचं ओझं: पुस्तकातली निम्मी कारणं एकाच खुर्चीत बसलेली. "तीन पोरं झाल्यावर हुतंयच की म्याडम," असं त्याच मला समजावत होत्या.

तपासणी सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी ती होतच नाही. लघवीची पिशवी बऱ्यापैकी भरलेली हवी. रिकाम्या पिशवीवर खोकायला लावून 'गळत नाही' म्हणण्याला अर्थ नाही. आधी झोपवून, मग उभं करून जोरात खोकायला सांगायचं. खोकल्याच्या क्षणीच थेंब आला आणि थांबला, तर दोष धरणाऱ्या स्नायूंचा आणि मूत्रमार्गाच्या आधाराचा. दोन-चार सेकंदांनी धार सुरू झाली आणि थांबता थांबेना, तर पिशवी आपण होऊन आवळली जातेय. तिथे टेपचा उपयोग नाही. मावशींचं पहिल्या प्रकारचं होतं, अगदी लख्ख. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत ४० मिली उरलेली, म्हणजे पिशवी नीट रिकामी होत होती. जंतुसंसर्ग नाही, साखर नाही.

मग बोटाने तपासून स्नायूंची ताकद बघितली: पाचपैकी दोन. 'आवळा' म्हटल्यावर त्या चक्क खाली जोर लावत होत्या. हे फार जणींचं होतं. मोबाइलवर बघून केगेल, म्हणजे हेच तळाचे व्यायाम, करणाऱ्या कितीतरी बायका महिनोन्महिने उलटाच व्यायाम करतात आणि 'करून बघितलं, फरक नाही' म्हणतात. लघवीची धार मध्येच अडवून रोज व्यायाम करा असं सांगणाऱ्यांवर तर माझा राग आहे. त्याने पिशवी नीट रिकामी न व्हायची सवय लागते. मी सांगते, चारचौघांत वारा सरायला आलाय आणि रोखायचाय, तसं आत-वर ओढा. पोट, मांड्या, ढुंगण सैल. श्वास चालू. पाच सेकंद धरा, दहा सेकंद सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. आणि खोकला-शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून मग खोका. ही शेवटची युक्ती बरेचदा सगळ्यात आधी कामी येते.

तीन दिवसांची वही लिहायला दिली आणि अर्ध्या लिटरचा खुणांचा प्लास्टिकचा मग दिला. डेअरीला दूध घालणाऱ्या बाईला मिलीलिटर शिकवावे लागत नाहीत. दुधाच्या मापांत हा मग जाऊ देऊ नकोस, एवढं नातीला बजावलं. लिहायचं तिनंच.

वही आली. पहिल्या दिवशी १२ वेळा लघवी, मिळून ९४० मिली. सकाळी उठल्यावरची १५० ची, बाकी सगळ्या ऐंशीच्या आत-बाहेर. साधारण २५० ते ४०० मिलीला माणूस उठतो. म्हणजे पिशवी भरली म्हणून नव्हे, गळेल या भीतीनं मावशी जात होत्या, आणि पाणीही तोडलं होतं. त्यानं लघवी दाट होते, पिशवीला चुरचुरते आणि घाई उलट वाढते.

शेवटचा रकाना होता 'गळली तेव्हा काय करत होता'. नातीनं पोरीच्या हिशेबानं थोडक्यात लिहिलं होतं. खो. खो. वाडं. खो. खो. हसली. खो. तीन दिवसांत १९ वेळा गळती. १४ खो, ४ वाडं, १ हसली.

मी माझाच कागद काढला. पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, 'खोकला: चूल.' मावशींनी सांगितलं, मी लिहिलं. चूल चाळीस वर्षांची, मिश्री तेवढीच जुनी, धाकटं बाळंतपण तीस वर्षांपूर्वीचं. गळती मात्र दसऱ्यापासूनची. कारण म्हणून लिहिलेल्यातलं एकही दसऱ्याला सुरू झालेलं नव्हतं.

"मावशी, खोकला कधीपासून?"

"गणपती गेलं आन् लागलाय बघा. कोरडाच. औषध चालू हाय की."

पुढच्या खेपेला गोळ्यांची पिशवी मागवली. ती ओतून बघायला दहा मिनिटं लागतात आणि पहिल्याच भेटीत ओतायला हवी होती. बीपीला आधी अ‍ॅम्लोडिपिन होती, त्यानं पाय सुजले म्हणून गणपतीच्या आधी रॅमिप्रिल दिली. या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. खोकल्यासाठी दुसरीकडून सिरप, त्यात क्लोरफेनिरामिन. त्यानं तोंड सुकतं, शौचाला कडक होतं. आधीच पाणी तोडलेलं. आतडं भरलं की पिशवीवर रेटा, आणि कुंथलं की आधीच ढिला झालेला ओटीपोटाचा तळ आणखी ताणला जातो. प्रत्येकानं आपापल्या तक्रारीपुरतं बरोबर औषध दिलेलं.

बाळंतपणाचं खोटं आहे असं नाही. नॉर्वेत पंधरा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला: मूल न झालेल्यांत सुमारे १० टक्के, फक्त सिझर झालेल्यांत १६, नॉर्मल झालेल्यांत २१ टक्क्यांना गळती. ('सिझर केलं तर टळेल का' विचारणाऱ्या सुनांना मी यातला दहाचा आकडा आधी दाखवते.) चिमट्यानं धोका आणखी वाढतो. पण झालेलं बाळंतपण परत फिरवता येत नाही, गोळी येते.

गोळी बदलणं माझ्या हातात नाही. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. फिजिओनं गोळ्यांवर बोलावं हे सगळ्यांना रुचत नाही, म्हणून चार वेळा खोडून लिहिली. त्यांनी काही न बोलता टेल्मिसार्टन, बीपीचीच पण दुसऱ्या जातीची गोळी, दिली. सिरप सुटलं. तिसऱ्या आठवड्यात खोकला गेला. दीड महिन्यानं पुन्हा वही: तीन दिवसांत ४ गळत्या. शिंक २, बादली १, हसली १. लघवी दिवसाला सात वेळा, पाणी पूर्ववत. टेपचं तूर्त पुढं ढकललंय. स्नायूंची ताकद अजून तीनच आहे, व्यायाम चालू. वजन साडेतीन किलो उतरलं तरी आणखी फरक पडेल.

ही केस मी सहकाऱ्यांना 'रॅमिप्रिलची केस' म्हणून सांगत होते. परवा नात सहज म्हणाली, आजीनं म्हैस विकली. कधी? गोळी बदलली त्याच आठवड्यात. भारा उचलवत नव्हता, कपडे भिजायचे म्हणून. दुसऱ्या वहीत 'वाडं' कुठंच नव्हतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता चौदा 'खो' गेले ते गोळीनं, हे ठीक. पण रोज ओझ्यानं ताणला जाणारा तळ दीड महिना विसावला, त्याचा वाटा किती? सांगता येणार नाही.

"म्हस घिऊ काय परत?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, व्यायामाचे तीन महिने पुरे होऊ द्यात. मग भारा अर्धा करून दोन खेपा. उचलायच्या आधी आवळायचं, उचलताना श्वास सोडायचा.

"दोन खेपा म्हंजे संध्याकाळचं दूध डेअरीला वेळंत कोण घालणार?"

नात म्हणाली, मी घालते.