भावाचे बेचाळीस हजार

गणपती गेले आणि पुढच्याच रविवारी माझा मावसभाऊ लॅपटॉप घेऊन कळव्याला आमच्याकडे हजर. वय २३, राहतो कोपरखैरण्याला, लोकांचे व्हिडिओ एडिट करून देतो. म्हणे ताई, टॅक्स भरलाय मी, पण आई म्हणतेय तुला एकदा दाखव. म्हटलं भरलास म्हणजे नक्की काय केलंस, तर म्हणे कापतातच की दर पेमेंटमधून!

कापतात तो टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरलेला टॅक्स, १० टक्के. वर्षाच्या कमाईचा आणि टॅक्सचा हिशोब आपणच सरकारला द्यायचा, ही रिटर्न नावाची भानगड त्याच्या गावीही नव्हती. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाचं सरकारकडचं पत्रक, उघडलं तर वर्षभराचं सगळं तिथे, कुठल्या क्लायंटने किती दिले, अगदी बचत खात्याचं व्याजसुद्धा. चेहरा बघण्यासारखा झाला त्याचा. "हे सगळं त्यांना आधीच माहितीये?" वर्षाची कमाई ४ लाख २० हजार, त्यातले ४२ हजार कापलेले, आणि न्यू रेजीममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, त्या वर्षी ७ लाखांपर्यंत टॅक्स शून्यच होता, म्हणजे सगळे परत मिळणार. पण तेव्हा ३ लाखांच्या वर कमाई गेली की टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागायचं, आणि साहेब निवांत.

हसायचा हक्क मला नाही. ऐरोलीला पहिली नोकरी लागली तेव्हा मीही असंच, फॉर्म १६, म्हणजे पगारातून टॅक्स कापल्याचा कंपनीचा दाखला, आला तो मेलमध्येच पडून राहिला. सरळ झाले कधी, तर तिशीत होम लोन घेताना बँकेने तीन वर्षांचे रिटर्न मागितले तेव्हा. वय वाढलं की माणूस प्रामाणिक होतो असं काही नाही हो, कर्ज आणि व्हिसा लागतो एवढंच.

उलट आमच्या ऑफिसात टॅक्स वाचवायला खोट्या भाडेपावत्या लावायची कला चाळिशीतल्यांना जास्त येते. भाडं महिना ८,३०० च दाखवायचं, का, तर वर्षाचं १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. राहतात स्वतःच्या आईबापाच्या फ्लॅटमध्ये! हे पोरांना सुचतच नाही. बुडवायला पण आधी नियम माहीत असावे लागतात, आणि शाळा-कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, मी तर बीकॉम, तरी स्वतःचं रिटर्न भरायची अक्कल नव्हती.

आमचे बाबा तिसरीच तऱ्हा. वय ७६. पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत असेल आणि बाकी काही उत्पन्न नसेल तर ७५ च्या वरच्यांना बँकेत डिक्लरेशन दिलं की रिटर्नपासून सूट आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ऐकतील तर शपथ. रिटर्नच्या जुन्या सरल फॉर्मच्या काळापासूनच्या पोचपावत्या नाडीच्या फाईलमध्ये ओळीने लावलेल्या आहेत, मध्ये एक वर्ष रिकामं दिसलं तर त्यांना झोप लागणार नाही.

त्या रविवारी संध्याकाळी साडेसातला भावाचं रिटर्न ई-व्हेरिफाय करायचा, म्हणजे ऑनलाइन पक्कं करायचा ओटीपी आला, रिटर्नची मुदत संपायला एकच दिवस उरला होता. भावाने तीनदा विचारलं, पैसे नक्की येणार ना. तेवढ्यात बाबा खाली जाऊन स्टेशनरीवाल्याकडून नवी फाईल घेऊन आले, वर स्केचपेनने त्याचं नाव घातलं आणि म्हणाले, लाव यात.

तो म्हणाला, काका, पण हे सगळं पीडीएफ आहे.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटर चालू केला.