तुम्ही विचारलंत म्हणून : त्यांना झोपवूनच का ठेवत नाही?

अतिदक्षता विभागाच्या दाराशी मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न आजाराविषयी नसतो. ‘डॉक्टर, घशात नळी असताना त्यांना जागं कशाला ठेवता? गाढ झोपवून ठेवा, म्हणजे त्रास तरी कळणार नाही,’ असे नातेवाईक कळवळून म्हणतात. त्यामागची माया मला कळते. तरीही मी बहुधा नाही म्हणतो.

झोप येणे आणि दुखणे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिडाझोलामसारखे औषध गुंगी आणते, वेदना कमी करत नाही. दुखते आहे हे सांगण्याची रुग्णाची ताकद मात्र काढून घेते. म्हणून आमचा पहिला प्रश्न दुखण्याचा असतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या चेहऱ्याला, हालचालीला, स्नायूंच्या ताणाला आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेण्याला सिस्टर प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडल्या, मुठी आवळल्या आणि 8 पैकी 3 किंवा अधिक गुण भरले, तर आधी फेंटानिलसारखे वेदनाशामक द्यायचे; गुंगीचे औषध नंतर, आणि तेही हाक मारल्यावर रुग्ण डोळे उघडून आपल्याकडे पाहील इतकेच. शिकागोतील 128 रुग्णांवरच्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुंगीचे औषध रोज काही काळ थांबवलेल्यांपैकी निम्म्यांचा व्हेंटिलेटर 4.9 दिवसांत सुटला, इतरांपैकी निम्म्यांचा 7.3 दिवसांत. मेंदूवरचा दाब वाढला असेल किंवा स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर मात्र गाढ गुंगीला पर्याय नसतो.

राहिला तो भ्रम, ज्याला आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणतात. नळ्या उपसणारा, ओरडणारा रुग्ण सर्वांना दिसतो. पण भ्रमाचा अधिक आढळणारा आणि हमखास निसटणारा प्रकार निमूटपणे छताकडे पाहत पडून राहतो, आणि घरचे समाधानाने म्हणतात, ‘आज बाबा शांत आहेत.’ हा शब्द ऐकला की मी मुद्दाम बेडपाशी जातो. रुग्णाचा हात हातात घेऊन दहा इंग्रजी अक्षरे सावकाश उच्चारायची, ‘ए’ ऐकू आले की त्याने हात दाबायचा. दोनाहून अधिक चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असे समजायचे; भ्रमाची ती मुख्य खूण.

एका निवृत्त शिक्षकांची नळी निघून दोन दिवस झाले होते. त्यांनी एकदाही हात दाबला नाही आणि मी कागदावर भ्रमाची नोंद करून मोकळा झालो. संध्याकाळी त्यांच्या मुलीने सहज विचारले, ‘त्यांचं कानाचं मशीन हरवू नये म्हणून मी घरी नेलंय, चालेल ना?’ मी ज्याला परीक्षेत नापास केले, त्याला प्रश्नच ऐकू गेला नव्हता. मशीन लावून पुन्हा विचारले तेव्हा चार चुका झाल्या, म्हणजे भ्रम होताच. पण तो कळण्याची माझी रीत चुकली होती.

‘मग वात उतरवणारं इंजेक्शन द्या ना!’ हा पुढचा आग्रह. हॅलोपेरिडॉलने भ्रमाचे दिवस कमी होतात का, हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 566 रुग्णांच्या अभ्यासात तपासले गेले. ते कमी झाले नाहीत. रुग्ण स्वतःला इजा करू लागला तर आम्ही थोड्या काळासाठी औषध देतो, एरवी भर असतो तो चष्मा, कानाचे मशीन, रात्री मंद दिवे, दिवसा खुर्चीत बसवणे, हात बांधणे टाळणे आणि ओळखीचा आवाज यांवर. भेटीसाठी संध्याकाळचा ठरावीक वेळ, हा आपल्याकडचा सरसकट नियम मला म्हणूनच पटत नाही.

गुरुजींच्या मुलीला आम्ही दुपारीही बसू दिले. पुढच्या दोन रात्री ते ‘घंटा झाली का?’ असे विचारत राहिले आणि ती दर वेळी ‘अजून नाही, अण्णा’ म्हणत होती. तिसऱ्या सकाळी त्यांनी तिला विचारले, ‘तू रजा टाकली आहेस का?’