वातावरण तर रोजच बदलतं, बाई

गेल्या नोव्हेंबरात आमच्या निफाड तालुक्यातल्या एका गावात, विकास सोसायटीच्या हॉलमध्ये मी प्रशिक्षक म्हणून पहिलं सत्र घेतलं. समोर चौदा द्राक्ष बागायतदार. "आज आपण वातावरण बदलाविषयी बोलणार आहोत," एवढं म्हणाले आणि पुढच्या खुर्चीवरचे एक काका म्हणाले, "वातावरण तर रोजच बदलतं, बाई. सकाळी ढग आले म्हणून आत्ताच फवारणी उरकून आलो."

कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. द्राक्षपट्ट्यात 'वातावरण खराब आहे' म्हणजे आभाळ भरून आलंय, डाऊनी हा बुरशीचा रोग येणार, कोवळे घड जिरून जाणार, औषध मारायला हवं. मी ज्या विषयाचं प्रमाणपत्र घेऊन उभी होते, त्याचं नावच त्यांच्या कानावर वेगळ्या अर्थानं पडलं होतं.

मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, त्यानंतरच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं वर्गात विचारलं होतं, "बाई, गारा पुन्हा येतील का?" तिच्या वडिलांची बाग काढणीला आलेली होती. मी फळ्यावर ढग काढला, वर जाणारी हवा दाखवली, गार कशी तयार होते ते सांगितलं. ते सगळं बरोबर होतं. पण तिनं ते विचारलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर हातात वेळ आला तेव्हा तोच प्रश्न घेऊन मी शिकायला बसले.

आधी संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन सीसी:लर्न'चा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम केला. चाचण्या दिल्या, प्रमाणपत्र आलं. मग पुण्यात 'क्लायमेट फ्रेस्क'च्या कार्यशाळेला बसले. सेद्रिक रिंजनबाख या फ्रेंच माणसानं २०१५ मध्ये हा पत्त्यांचा खेळ तयार केला. ४२ पत्ते, 'आयपीसीसी' या हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीच्या अहवालांवर बेतलेले. टेबलावर मोठा कागद पसरायचा, कारण आधी आणि परिणाम नंतर असे पत्ते मांडायचे, मधे बाण काढायचे. साधारण तीन तास लागतात.

तिथे माझ्या हातात 'समुद्रातला बर्फ वितळणे' हा पत्ता आला. मी तो उचलून सरळ 'समुद्राची पातळी वाढणे' या पत्त्याशेजारी ठेवला आणि बाण काढला. समोरच्या प्रशिक्षक तरुणीनं चूक म्हटलं नाही. तिनं विचारलं, "सरबताच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फ विरघळला की सरबत सांडतं का?" मी हात मागे घेतला. तरंगणाऱ्या बर्फानं आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ, म्हणजे ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि डोंगरांवरच्या हिमनद्या, वितळून समुद्रात आल्यानं आणि पाणी तापून फुगल्यानं. समुद्रावरचा पांढरा बर्फ गेला की खालचं काळं पाणी जास्त ऊन पितं, तो धोका वेगळा. हे मी वर्गात सांगितलेलंही असेल, पण स्वतःच्या हातानं चुकीचा बाण काढून तो खोडल्यावर जसं कळलं तसं त्याआधी कळलं नव्हतं.

प्रशिक्षक व्हायचं प्रशिक्षण त्यानंतर घेतलं. त्यात विज्ञान थोडं होतं, गप्प बसणं जास्त. लोक पत्ता चुकीचा ठेवतात तेव्हा उत्तर जिभेवर आलेलं असतं, ते गिळायचं आणि प्रश्न विचारायचा. आयुष्यभर फळ्याकडे बोट दाखवलेल्या माणसाला हे फार जड जातं. मला अजूनही जातं.

तर, शब्दाकडे येते. शाळेच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' वेगळे. हवा आजची, हवामान दीर्घकाळच्या सरासरीचं. शास्त्रज्ञ साधारण ३० वर्षांची सरासरी धरतात. पण रोजच्या बातम्यांत 'हवामान अंदाज' येतो तो उद्याच्या पावसाचा. मग 'हवामान बदल' म्हटलं की उद्याचा बदल, आणि 'वातावरण बदल' म्हटलं की आजचे ढग. त्या नोव्हेंबरच्या सत्रात माझा पहिला अर्धा तास यातच गेला.

घरी येऊन अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. ते ८४ वर्षांचे आहेत. म्हणाले, "आमच्या वेळी पाऊसमान म्हणायचे, ऋतुमान म्हणायचे. मान म्हणजे माप." मग त्यांनी माळ्यावरून फवारणीच्या जुन्या वह्या काढायला लावल्या. छाटणीची तारीख, पावसाची नोंद, कुठलं औषध कधी मारलं. जुन्या वह्यांत ऑक्टोबर छाटणीनंतरची नोंद एका पानात मावते. २०१९ ची काढली, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबेचना, तर ती पान भरून पुढच्या पानावर गेलेली.

डिसेंबरात दुसऱ्या सत्राला मी 'ऋतुमान बदललंय का?' एवढंच विचारलं आणि ज्याला त्याला आपापल्या घरची वही आणायला सांगितलं. एक तास कुणी मला बोलू दिलं नाही.

हरितगृह परिणाम, म्हणजे जमिनीची ऊब हवेत अडून राहणं, हाही त्यांनीच मला सांगितला म्हणा ना. मी विचारलं, "बागेत शेकोट्या कोणत्या रात्री पेटवता?" "आभाळ निरभ्र असतं तेव्हा. ढग असले की थंडी पडत नाही." जमिनीची ऊब वर जाते आणि ढग तिला अडवतात, हे निफाडच्या शेतकऱ्याला कडाक्याच्या थंडीनं शिकवलेलं आहे. मी फक्त पुढचा पत्ता ठेवला: कार्बन डायऑक्साइडसुद्धा अशीच ऊब अडवतो, पण तो दिसत नाही आणि सकाळी ढगासारखा पांगत नाही. उद्योगयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. आणि हवा १ अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कोसळतो तेव्हा पाऊस जोरात कोसळतो.

नोव्हेंबरवाले काका याही वेळी होते. "मग २०१४ ची गार त्यामुळंच का?" मी म्हटलं, एका गारपिटीकडे बोट दाखवून त्यामुळंच असं छातीठोक सांगता येत नाही, मोठ्या पावसाबद्दल आणि उष्णतेच्या लाटांबद्दल विज्ञान जास्त खात्रीनं बोलतं. त्यांना ते उत्तर पटलं नाही, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटतं, इथे जरा जास्त सांगून टाकलं असतं तर पुढच्या गारपिटीला माझा शब्द उरला नसता.

जानेवारीतलं सत्र मजूर बायकांचं होतं. पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला येतात त्या. दिवसभर बागेत हात वर करून काम झालेलं, म्हणून संध्याकाळी सहाला, पॅकहाऊसच्या ओट्यावर. पत्त्यांवर मी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं, तेव्हा चित्रांवरूनच मांडायचं ठरलं. त्यांनी ऊन, पाणी, आजारपण आणि स्थलांतर हे पत्ते झपाझप लावले. कुठला बाण कुठे जातो हे मला विचारलंसुद्धा नाही. मग सगळ्यांच्या सुरुवातीला जो पत्ता येतो तो मी पुढे केला: मानवी कृती.

एक बाई तो बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "यात मी कुठं हाये, ताई?"

तिच्या घरी चूल आहे आणि पावसाळ्यात भात-नागली. मोटारसायकलसुद्धा नाही. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि त्या भारतीय सरासरीतही तिचा वाटा किती? 'मानवी' म्हटलं की तिला आणि विमानानं फिरणाऱ्याला एकच चित्र लागतं. प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे मी गप्प बसले, पण यावेळी गिळायला उत्तरच नव्हतं. मी तिला म्हटलं, "तुम्हीच सांगा, कुठं ठेवू?"

तिनं पत्ता कागदाच्या डाव्या टोकाला ठेवला, जिथे तो ठेवतात तिथेच. मग माझ्याकडून स्केचपेन मागून घेतलं आणि अगदी उजव्या टोकाला, उन्हाच्या आणि आजारपणाच्या पत्त्यांपलीकडे, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई काढली. तिच्यापासून डावीकडे बाण काढला नाही. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडनं तिकडं काय जातंय?"

तो कागद आता माझ्या बैठकीच्या खोलीत लावलाय. द्राक्षकाढणीनंतरच्या खरड छाटणीच्या आधी या बायका गावी परततील, तेव्हा त्यांच्याच पाड्यावर पुढचं सत्र घ्यायचं ठरलंय. चित्रांच्या चिठ्ठ्या यावेळी ती पदरवाली बाई काढणारीच काढणार आहे.