निधी नसलेला खासदार

इथे ब्रिटनमध्ये खासदाराला खासदार निधी नसतो. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग तो करतो काय?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे खासदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात. त्यातून सभामंडप होतो, बस थांबा होतो, चौकात हायमास्ट लागतो आणि प्रत्येकावर 'यांच्या प्रयत्नातून' असा फलक येतो. लंडनमध्ये कचऱ्याची गाडी, गल्लीतला खड्डा, बंद पडलेला दिवा ही कामं काउन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची. खासदाराकडे तक्रार नेली तर तो फार तर काउन्सिलला लिहील. त्याच्या हातात तीनच गोष्टी असतात: पत्र, प्रश्न आणि मत.

पत्रापासून सांगते. साधारणपणे सोमवार ते गुरुवार खासदार वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटात असतात आणि शुक्रवारी मतदारसंघात. तिथे ग्रंथालयात किंवा चर्चच्या हॉलमध्ये ते लोकांना भेटतात. या भेटीला इथे 'सर्जरी' म्हणतात. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा व्हिसाचा अर्ज महिनोन्महिने अडकला होता, तेव्हा तिच्याबरोबर मीही गेले. आधी वेळ घ्यावी लागते, आणि ठिकाण वेळ मिळाल्यावरच कळतं. कारण कडू आहे. 2016 मध्ये जो कॉक्स आणि 2021 मध्ये डेव्हिड एमेस या दोन खासदारांचे खून झाले, दोन्ही मतदारांना भेटण्याच्या ठिकाणीच.

पहिला प्रश्न पोस्टकोडचा. दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम हातात घ्यायचं नाही, हा इथला संकेत. मत कुणाला दिलं, दिलं की नाही, हे कुणी विचारत नाही. सोबत ओळखीचा कार्यकर्ता लागत नाही. (मैत्रीण सवयीने पेढ्यांचा बॉक्स घेऊन निघाली होती. तो मी गाडीतच ठेवायला लावला.) खासदाराने पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं, निर्णय बदलणं माझ्या अधिकारात नाही, उशीर का होतोय ते मी विचारू शकते. पत्र गेलं, उत्तर आलं, पुढे निर्णयही आला. पत्रामुळेच आला असं मी म्हणणार नाही. पण 'प्रक्रिया सुरू आहे' याखेरीज काही न सांगणारं खातं पत्रानंतर तारखेसह बोलू लागलं, हे डोळ्यांनी पाहिलं.

पत्राने काम भागलं नाही की प्रश्न. जगाला ठाऊक आहे तो बुधवारी दुपारी 12 वाजताचा अर्धा तास, पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात, बाकी बहुतेकांची नावं सोडतीने निघतात. आपल्या खासदाराकडे मागणी केली तर गॅलरीचा फुकट पास मिळू शकतो. मी काचेमागून पाहिलं. खरं सांगू? बराचसा तमाशाच असतो. हिरव्या बाकांवर जेमतेम 427 जणांची सोय आणि सभासद 650, त्यामुळे दाटीवाटी, आरडाओरडा, स्वपक्षीयांचे गोडगोड प्रश्न. ते बघून लोकशाही समजली म्हणणाऱ्याने एखाद्या मंगळवारी समितीच्या खोलीत बसावं.

खरी धार तिथे असते. घोड्याच्या नालासारख्या टेबलाभोवती सगळ्या पक्षांचे खासदार आणि समोर मंत्री, सचिव किंवा एखाद्या कंपनीचा मालक. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. एकच प्रश्न चार वेळा विचारला जातो आणि समोरच्याचा घसा कोरडा पडतो. 2010 पासून बहुतेक खातेनिहाय समित्यांचे अध्यक्ष सभागृह गुप्त मतदानाने निवडतं, त्यामुळे ते सत्ताधारी पक्षाचे असले तरी सरकारचे मिंधे नसतात. सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती 1861 पासूनची, तिचा अध्यक्ष विरोधी पक्षातला. आपणही 1967 पासून हाच पायंडा पाळतो. फरक असा की आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात आणि इथल्या बऱ्याचशा साक्षी कुणालाही आत बसून किंवा घरबसल्या बघता येतात. आपल्या संसदेने इथून एकच गोष्ट उचलायची असेल, तर मी ही सुचवेन.

जाब विचारण्याची ही सवय जुनी आहे, आणि तिच्यात आपलाही धागा आहे. पार्लमेंटच्या आवारातला वेस्टमिन्स्टर हॉल 1097 चा. 1788 मध्ये तिथे बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग उभा राहिला. ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध होऊन 1782 ला सालबाईचा तह झाला, तोच हा हेस्टिंग्ज. बनारसचा राजा, अवधच्या बेगमा यांच्यावरच्या जुलमाचे पाढे खासदार एडमंड बर्कने वाचले. खटला सात वर्षं चालला आणि 1795 ला हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांच्या पदरात काय पडलं, हे वेगळं सांगायला नको.

आता मत. इथे बटण नाही. घंटा वाजते, आठ मिनिटांत खासदारांनी उठून 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दालनातून चालत जायचं. पंतप्रधानसुद्धा त्याच रांगेत, म्हणून मागच्या बाकावरचा खासदार चालता चालता मंत्र्याला गाठून काम काढतो. कोण कुठून गेलं त्याची नावं प्रसिद्ध होतात.

पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, इथेही आहे, चांगला कडक आहे. पण तो मोडला तर पक्ष जातो, खासदारकी जात नाही. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिपविरुद्ध मत दिलं तर जागाच धोक्यात येते. कायदा आणला घोडेबाजार थांबवायला. तो किती थांबला, हे 2022 नंतर महाराष्ट्रातल्या कुणाला समजावायला नको. मात्र एकट्यादुकट्या खासदाराचं तोंड त्याने नक्कीच बंद केलं. इथे जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सात खासदारांनी दोन मुलांपुरत्याच मिळणाऱ्या भत्त्याची मर्यादा काढावी म्हणून स्वतःच्या नव्या सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने सातही जणांना निलंबित केलं, पण ते सभागृहात बसतच राहिले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याच सरकारने ती मर्यादा काढत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी 1 जुलै 2025 ला अपंगांच्या भत्त्यात कपात करणारं विधेयक आलं होतं. शंभराहून अधिक स्वपक्षीय खासदार विरोधात उभे ठाकले आणि मतदानाला दीडेक तास उरला असताना सरकारला त्यातला मुख्य भाग मागे घ्यावा लागला. विधेयक 335 विरुद्ध 260 मतांनी मंजूर झालं खरं, पण आतून पोकळ होऊन. बाबांना मी हाच दिवस सांगितला. निधी नसलेला खासदार करतो काय, तर हे करतो.

सगळं आलबेल आहे असं समजू नका. सुमारे 34 टक्के मतांवर 2024 मध्ये मजूर पक्षाला 411 जागा मिळाल्या. आपल्यासारखीच पद्धत, आपल्यासारखाच घोळ. वरच्या सभागृहात कुणी निवडून येत नाही. आणि 2009 मध्ये खासदारांची खर्चाची बिलं फुटली तेव्हा एकाने तळ्यातल्या बदकांसाठी घेतलेल्या घराचाही खर्च मागितल्याचं निघालं होतं.

शेवटची गोष्ट ऐकून बाबांना सगळ्यात मोठा धक्का बसला. या पार्लमेंटसाठी मीही मत देते, माझ्या भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल, तर त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले होते, त्यामुळे एका मताला कमी लेखू नये. 4 जुलै 2024 ला मी जवळच्या शाळेत गेले, पासपोर्ट दाखवला, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली. बोटाला शाई नाही, सेल्फीला काहीच पुरावा नाही. उलट भारतातल्या निवडणुकीसाठी परदेशातल्या नागरिकाला 6-अ अर्ज भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला विमानाने गावच्या केंद्रावर हजर व्हावं लागतं.

तुमच्या ओळखीचं कुणी इथे शिकायला येत असेल तर त्यालाही सांगा, विद्यार्थी व्हिसावरही नाव नोंदवता येतं. लोकशाहीबद्दल ऐकून घ्यायचा कंटाळा असेल, तर मतदार यादीत नाव असल्याने क्रेडिट स्कोअर सुधारतो आणि मोबाइलचा करार सहज मिळतो, एवढं सांगा. तेवढ्यावर मुलं त्याच संध्याकाळी अर्ज भरतात.