कोशाँ आणि शेजारचं बुचर : न्यू ऑर्लिन्समध्ये दारं दोन, डुक्कर एकच

न्यू ऑर्लिन्सच्या वेअरहाउस डिस्ट्रिक्टमध्ये चॉपिटूलस स्ट्रीटवर ९३० नंबरला ‘कोशाँ’ आहे. स्पेलिंग बघून कोचॉन म्हणू नका. फ्रेंचमध्ये कोशाँ म्हणजे सरळ डुक्कर, आणि आत काय मिळणार ते पाटीनेच सांगून टाकलंय. डोनाल्ड लिंक आणि स्टीफन स्ट्रायेव्हस्की या शेफजोडीने २००६ मध्ये, कत्रिना वादळाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, हे केजन रेस्टॉरंट उघडलं. त्याला लागून २००९ पासून ‘कोशाँ बुचर’ चालतं : खाटकाचं दुकान, सँडविचचा काउंटर आणि छोटासा बार, सगळं एकाच छताखाली.

एकाच ठिकाणी जायचं म्हटलं तर बहुतेक जण रेस्टॉरंट निवडतात. आमचं मत उलट : आधी दुकान. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या नोव्हा स्कोशियातून हाकलून दिलेले अकेडियन लोक पुढे दक्षिण लुइझियानात येऊन वसले, तेच हे केजन. फ्रीज नसण्याच्या काळात थंडीत एक डुक्कर कापायचं आणि शेजारपाजाऱ्यांत वाटून त्याच दिवशी सगळं मार्गी लावायचं, याला ते ‘बूशरी’ म्हणतात. आपल्याकडे गावात बोकडाचे वाटे घालतात, तसंच. कलेजी आणि खिमा भातात मिसळून आतड्यात भरला की बूदां. खांद्याचं मांस मिठात, तिखटात मुरवून धुरी दिली की टासो. डोकं शिजवून त्याच्याच रसात गोठवलं की हेडचीज. चरबीसकट कातडी तळली की क्रॅकलिन. दुकानात ही नावं ओळखीची झाली की शेजारचा मेन्यू आपोआप वाचता येतो.

पोचायला सेंट चार्ल्स स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, सोयीची. हार्मनी सर्कलला उतरून अँड्र्यू हिगिन्स ड्राइव्हने नदीच्या दिशेने चालत सुटा. वाटेत दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय लागतं. अंतर जेमतेम अर्धा मैल. सकाळी संग्रहालय, दुपारी बुचर, रात्री कोशाँ हा बेत चांगला जमतो, मात्र दुपारी हात आखडता ठेवा. बुचरमध्ये काउंटरवर ऑर्डर द्यायची. जेवणाच्या ऐन वेळेत रांग असते, म्हणून अकराच्या सुमारास किंवा दोननंतर गेलेलं बरं. कोशाँचं टेबल आधी बुक करा. मार्डी ग्रा कार्निव्हल आणि एप्रिलअखेरच्या जॅझ फेस्टच्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळेल ही आशा सोडा.

बुचरमध्ये मफुलेटा घ्या. सिसिलियन धर्तीचा गोल तिळाचा पाव, आत सलामी, हॅम, चीज आणि ऑलिव्हचं लोणच्यासारखं सॅलड. शहरात इतरत्र तो बहुधा गार मिळतो, इथे गरम देतात, त्यामुळे चीज वितळून ऑलिव्हचं तेल पावात मुरतं. दोघांत एक पुरे. सोबत बूदां मागवा. गोव्याच्या चोरिसची कल्पना मनात ठेवून खाल्लंत तर निराशा होईल : यात व्हिनेगर नाही, आंबटपणा नाही. मऊ, मिरीचा तिखटपणा असलेला, कलेजीची चव लागणारा भात असतो. आवरण चिवट असतं. एक टोक कापा, दातांत धरा आणि आतलं सारण दाबत दाबत तोंडात घ्या. सुरीकाट्याने भात सगळ्या ताटभर होतो.

रात्री कोशाँमध्ये दोघांसाठी तीन छोट्या डिश, एक मोठी आणि एक भाजी एवढं भरपूर. मेन्यू बदलत असतो, पण रेस्टॉरंटच्याच नावाची डिश चुकवू नका : हळू शिजवून पिंजलेलं मांस गोल थापून खरपूस भाजलेलं, खाली कोबी आणि सलगम, वर क्रॅकलिन. क्रॅकलिन आधी खा, रस्सा लागला की ते मऊ पडतं. लाकडाच्या भट्टीतले ऑयस्टर कच्चे नसतात, तेव्हा पहिल्यांदा खाणाऱ्यानेही बिचकू नये. तळलेली मगर कोंबडी आणि मासा यांच्या मधली लागते. गार झाली की रबर.

शाकाहारी मंडळींना इथे आणू नका. पालेभाजीत, घेवड्यात, मॅक-अँड-चीजमध्येसुद्धा डुक्कर निघू शकतं. नुसतं डुक्कर टाळणाऱ्यांनी मासा किंवा ससा मागवतानाही चरबी कोणती वापरली ते विचारावं. बिलावर सुमारे १० टक्के कर लागतो, वर १८ ते २० टक्के टिप. मोठ्या ग्रुपच्या बिलात टिप आधीच धरलेली असू शकते, दोनदा देऊ नका.

बांधून न्यायचं तर टासो आणि अँडुई (डुकराचं धुरी दिलेलं सॉसेज) घ्या. चार जणांच्या राजम्याला ५० ग्रॅम टासो बारीक चिरून कांद्याबरोबर परता, आणि मीठ अगदी शेवटी चाखून घाला. आधी घातलंत तर भाजी खारट झालीच समजा. बूदां बर्फाच्या पेटीतच न्या. भात आणि कलेजी दोन्ही नाशवंत, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वरच्या उन्हात तासभरच. घरी गरम करताना पाणी खळखळ उकळू देऊ नका, आवरण फुटून भाताची पेज होते. नुसत्या वाफाळत्या पाण्यात मध्यापर्यंत ७४ अंश होईस्तोवर ठेवा.

ह्यूस्टनहून गाडीने येणाऱ्या मराठी मंडळींना आय-१० महामार्गावर लाफायेतजवळ स्कॉट हे गाव लागतं. तिथल्या पेट्रोल पंपांवरही ताजं बूदां मिळतं. तुलनेला एक घेऊन बघा. क्रॅकलिनची कागदी पिशवी मात्र गरम असेतो उघडीच ठेवा, तोंड बंद केलं की वाफेने सगळं चामट होतं. आणि यातलं काहीही भारतात नेण्याच्या बॅगेत भरू नका : मांसाचे पदार्थ कस्टम्समध्ये जाहीर करावे लागतात, आणि परवान्याशिवाय ते तिथेच राहतात.